खऱ्याची बाई

८ जानेवारी, बुधवार

कोकिळा,

मेंढ्यांचं वाडगं झाडून मी लेंड्यांची पाटी उकिरड्यावर टाकली, तेव्हा तू डालग्याखालची कोकरं काढत होतीस. एकेक उचलून त्याच्या आईपुढे ठेवायचीस. कुठलं कुणाचं हे तुला कधी बघावं लागलं नाही. मला त्या घरात येऊन आठ वर्षं झाली होती तरी माझी चूक व्हायची. मेंढी हुंगायची, परक्या कोकराला ढुशी द्यायची, आणि तू हसायचीस. "वैनी, लेकरं बदलायलीस व्हय गं?" चुलीवर पाणी तापत होतं. तुझ्या भावानं शिळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, खांद्यावर घोंगडी टाकली आणि रोजच्यासारखं तुला विचारलं, "कोकिळा, आज कुनीकडं न्यायच्या?"

"वढ्याच्या वरल्या अंगाला. खाली गाळ झालाय," तू म्हणालीस.

तो मेंढ्या घेऊन गेला. मी शेळ्या पिळल्या. तू थोडा वेळ लोकर कातत बसलीस. दिवस कासराभर वर आला तेव्हा हात झटकून उठलीस आणि ओढ्याकडे गेलीस. थोड्या वेळानं घागर घेऊन मी पण गेले.

त्या सकाळचं मला एवढं आठवतं. पुढचं तुलाही आठवतं.

मी तुझी वहिनी, चंदा. एकोणीस वर्षांनी लिहिते आहे. साधनाकडे तुझा फोन नंबर आहे, मला ठाऊक आहे. माझी लेक चोरून आत्याकडे पूर्णेला जाते आणि येताना लिंबाचं लोणचं आणते. ते काय पेडगावात तिच्या सासरी होतं, असं मला वाटेल का? पण फोन केला तर तू कापशील. पत्र फाडलंस तरी आधी कुणाचं आहे ते बघशील.

मला लिहिता येतं याचं तुला नवल वाटेल. तू गेलीस तेव्हा मी अंगठा लावत होते. साधना पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकावर शिकले. ती झोपली की तिचं दप्तर माझं. मग किराणाच्या पुड्यांचे कागद वाचले, मग राणीसावरगावच्या वाचनालयात जायला लागले. तिथला पप्पू म्हणतो, "काकू, तुमच्यामुळं माझी नोकरी टिकायलीय. दुसरं कुनी येतच न्हाई." गेल्या महिन्यात त्यानं एक पुस्तक दिलं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं उंदरानं खाल्लेली, नाव कळत नाही. त्यात लिहिलंय की चांगलं आणि वाईट असं मुळात काही नसतं. ज्या समाजात जे चालतं ते तिथं चांगलं, चालत नाही ते वाईट. एका गावाचं पुण्य ते दुसऱ्या गावाचं पाप.

वाचलं आणि मला तू आठवलीस. खरं म्हणजे बरं वाटलं. तुझा नवरा साप चावून गेला, तू बावीस वर्षांची माहेरी परत आलीस. सात-आठ वर्षांनी रामप्रसाद घोंगडी घ्यायला आला, रेल्वेच्या रुळावर काम करणारा, आपल्या जातीचा नाही. त्या सकाळी ओढ्याच्या काठी तुम्ही दोघं एका डब्यात जेवत होतात. आपल्यात बाई परक्या पुरुषाबरोबर एका भांड्यात जेवली की ती त्याची झाली. हा आपला कायदा. रामप्रसादला तो ठाऊक नसणार, त्याला फक्त भूक लागली असेल. पुढच्या रविवारी मला देवळात बोलावलं, विचारलं. मी हातात खंडोबाचा भंडारा घेतला आणि बघितलं तेवढं सांगितलं. एक अक्षर खोटं नव्हतं. तुला त्याच संध्याकाळी घर सोडावं लागलं.

तेव्हापासून वस्तीत मला खऱ्याची बाई म्हणतात. पोरींना सांगतात, चंदाकाकूनं सख्ख्या नणंदेचंही झाकलं नाही. मी विचार केला, पुस्तक म्हणतं तसं असेल तर माझं काय चुकलं? समाजानं जे खरं मागितलं ते मी दिलं.

एवढंच लिहायचं होतं. इकडे सगळं ठीक आहे. बत्तीस मेंढ्या आहेत, नऊ शेळ्या. गुडघा दुखतो.

चंदा

११ जानेवारी, शनिवार

कोकिळा,

पहिलं पत्र तुला अजून मिळालं नसेल, तरी दुसरं लिहायला बसले. काल असं काही झालं की दुसऱ्या कुणाला सांगता येईना.

राधाकिशन आला होता. तुझा चुलतभाऊ आता वस्तीचा मोठा माणूस आहे. टोपी पांढरी, चपला करकरत्या. दारातूनच म्हणाला, "वैनी, तुमची गरज पडलीय."

म्हटलं, "या की. बसा."

"बसायला टाईम न्हाई," म्हणाला आणि बसला, दोनदा चहा घेतला.

त्याचा मोठा मुलगा दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेला असताना ट्रॅक्टर उलटून वारला. त्याची बायको ज्ञानेश्वरी, चोवीस वर्षांची. तिला मंजुषा नावाची चार वर्षांची मुलगी आहे. ज्ञानेश्वरीचं आणि शिवशंकरचं काहीतरी आहे असं वस्तीत बोलतात. हा शिवशंकर हिवाळ्यात मेंढ्या कातरायला येतो. आपल्यातलाच आहे, माणूस सरळ आहे, कात्री हलकी चालवतो, मेंढीच्या अंगावर ओरखडा येऊ देत नाही.

राधाकिशन म्हणाला, "गंगाखेडात दोघं फिरताना कुनीतरी बघितलंय. ती कबूल व्हईना. तुमी त्या दिवशी गंगाखेडला गेलता म्हनं. एकोनीस तारखेच्या रविवारी देवळात या, भंडारा उचला, काय बघितलं ते सांगा. तुमी सांगितलं की मग कुनी तोंड उघडनार न्हाई."

"आन् मी बघितलं म्हणाले तर?"

"तर तिनं तिच्या वाटंनं जावं. लेकरू आमचं हाय. आमच्या पोराची निशानी हाय ती."

"असल्या पंचायतीला आता बंदी हाय म्हणतेत."

"पंचायत कुठली? घरची बैठक हाय ही."

त्याच्या घरात म्हाळसाबाई आजीचा फोटो आहे, तुझ्या आज्जीचा. रोज हार घालतो. तिचे दोन पाट झाले होते. पहिला नवरा गेल्यावर तिनं दुसरा केला, तो गेल्यावर तिसरा, आणि लग्नात पहिलं पान तिलाच वाढायचे. तेव्हा रांडमुंड बाईनं पाट लावणं चांगलं होतं. मग आपली पोरं शिकली, दोन-चार जण नोकरीला लागली, आपण मोठ्या लोकांसारखं वागायचं ठरवलं आणि पाट वाईट झाला. कुणी दवंडी दिली नाही. एका पिढीत झालं. पुस्तक बरोबर सांगतं, असं मला पुन्हा वाटलं.

आणि भंडाऱ्याचं म्हणशील तर नागनाथतात्यानं बांधाच्या भांडणात खोटा भंडारा उचलला, हे सगळ्या शिवाराला ठाऊक होतं. खोटा उचलला तर डोळे जातात म्हणतात, मेंढ्या मरून वाडगं बसतं म्हणतात. तात्या नव्वद वर्षांचा होऊन झोपेत गेला. मरायच्या आदल्या दिवशी बिनचष्म्यानं सुईत दोरा ओवला त्यानं.

मग रविवारी मी काय बोलावं? राधाकिशनला मी "बघते" म्हणाले. तो जाताना म्हणाला, "बघायचं काय त्यात? तुमी खऱ्याच्याच."

चंदा

१४ जानेवारी, संक्रांत

कोकिळा,

आज गल्लीत सगळ्या बाया वाण घेऊन फिरत होत्या. विधवेला कुणी बोलवत नाही, तेवढाच निवांतपणा. तिळाची भाकरी केली, बाजरीची. तुझ्या भावाला जाड लागायची. आता एकटीला पातळ करता येते, तरी हातानं जाडच होते.

तीन वर्षं होतील त्याला जाऊन. रडत नाही आता. मेंढ्या बाहेर काढताना दाराशी थोडं थांबते, तो पुढं होईल म्हणून. मेंढ्याही थांबतात.

परवा मी तुला गंगाखेडचं सांगितलं नाही. ते सांगते.

मी बघितलं दोघांना. डिसेंबरात, माळेगावच्या जत्रेच्या आधी. गुडघ्याचं औषध आणायला गेले होते. बसस्थानकाजवळच्या फोटोच्या दुकानातून दोघं बाहेर येत होते. मला बघून शिवशंकर गोठला. ज्ञानेश्वरी मात्र सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, चहा घेता?"

मी घेतला. तिघं बाकड्यावर बसलो. तिनं फोटो दाखवले. शिवशंकरचा चांगला आलाय, तिचा जरा काळा. ते म्हणे लग्नाच्या कागदाला लागतात. परभणीच्या कचेरीत अर्ज देणार होते, महिन्यानं बोलावतील. मग बुजऱ्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवावा तशी ती हळूच म्हणाली, "तीन साक्षीदार लागतेत. ह्यांचे दोन मैतर तयार हायत. माझ्या बाजूचं कुनीच न्हाई. तुमी याल?"

मी म्हटलं, चहात साखर जास्त आहे. असं बोलले मी, कोकिळा. दुसरा कप सांगितला आणि बस आली म्हणून उठले. तिला हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. आता त्यांची तारीख आली आहे, वीस, सोमवार. आणि राधाकिशनची बैठक एकोणीसला.

मी देवळात 'नाही बघितलं' म्हणाले तर ती सोमवारी लेकीला काखेत मारून निघून जाईल. बघितलं म्हणाले तर मंजुषा अडकून राहील. पोरीला राधाकिशनच्या माळावरच्या मामाकडे नेऊन ठेवायचं त्यांनी आधीच बोलून ठेवलंय, हे मला तिच्या सासूनं, सवितानं, विहिरीवर हळूच सांगितलं. सविताच्या डोळ्याला पाणी होतं. पण सविता नवऱ्यापुढं तोंड उघडत नाही.

खोटं बोलायचं तर आपण काय कमी बोलतो? परवा एका मेंढीचं कोकरू मेलं. दुसऱ्या एका कोकराची आई मेली होती. मी मेलेल्याचं कातडं काढून जितं होतं त्याच्या पाठीवर बांधलं आणि मेंढीपुढं सोडलं. तिनं हुंगलं, चाटलं, पाजलं. दोन दिवसांनी कातडं काढून टाकलं, ती पाजतेच आहे. हे फसवणंच आहे. तुझ्या भावानं मला शिकवलं आणि त्याला तू. त्याला कुणी पाप म्हणत नाही, हुशारी म्हणतात.

मग भंडारा हातात घेऊन एक खोटं बोलले तर काय झालं? कातडं बांधल्यासारखंच. लेकराला आई मिळते.

तरी मन तयार होत नाही. देवाचं भय नाही मला, नागनाथतात्यापासून ते गेलं. दुसरं काहीतरी आहे. ते लिहायला आज धीर नाही.

चंदा

१८ जानेवारी, शनिवार

कोकिळा,

साधनाचा परवा फोन आला. म्हणाली, "आई, आत्या म्हनायलीय, वैनीला म्हनाव अक्षर मोठं काढ, माझा चष्मा फुटलाय."

मी फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून एकटीच हसले. एवढं हसले की शेळी दारात येऊन बघायला लागली. म्हणजे तू वाचतेस. हे बघ, मोठं काढलंय. एका कागदावर चार ओळीच बसतात, आज पप्पूकडून अर्धी वही मागून आणली.

तू वाचतेस तर मग आता खोटं चालायचं नाही. पहिल्या पत्रात एक खोटं आहे.

मी लिहिलं की मला देवळात बोलावलं, विचारलं. मला कुणी बोलावलं नव्हतं.

त्या रविवारी देवळात जत्रेच्या मांडवाचं बोलणं चाललं होतं. तुझं नावही कुणाच्या तोंडात नव्हतं. मी बायांच्या मागून उठले, चालत पुढे गेले, वाटीतला भंडारा उचलला आणि म्हणाले, मला काही सांगायचंय. तुझा भाऊ खाली बसला होता. त्यानं मान वर केली. मी त्याच्याकडं न बघता सगळं सांगितलं. डबा, भाकरी, रामप्रसाद.

का सांगितलं ते मला तेव्हाच माहीत होतं. घराण्याच्या अब्रूचं मला काही पडलं नव्हतं. रोज सकाळी तो तुला विचारायचा, "कोकिळा, कुनीकडं न्यायच्या?" आठ वर्षांत त्यानं मला एकदाही विचारलं नाही. पावसाळ्यानंतर कळप कुठं न्यायचा, नर कुठला ठेवायचा, कोकराला काय पाजायचं, सगळं तू. मी घरातली बाई होते आणि घर तुझं होतं. ओढ्यावर तुला बघितलं तेव्हा मला राग आला नाही. मला आनंद झाला. घागर तशीच रिकामी घेऊन परत आले, पाणी भरायचंही विसरले, एवढा.

आणि तू गेल्यावर काय झालं सांगू? दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी वाट बघत बसले, आता मला विचारेल. त्यानं घोंगडी घेतली आणि मेंढ्या काढल्या. सोळा वर्षं तसंच. मला कधी टाकून बोलला नाही, हात उगारला नाही, आजारपणात माझे पाय चेपले. पण कुणालाच काही विचारायचं त्यानं बंद केलं. आम्ही सुखानं राहिलो असंच मी सगळ्यांना सांगते, आणि ते बरंचसं खरं आहे. फक्त सकाळी बोलणं नव्हतं.

अजून एक. तो गेला त्या दिवशी तू आली होतीस. पाण्याच्या टाकीपाशी उभी होतीस, पायात चप्पल नव्हती. मी बघितलं. मी पदर ओढला आणि आत गेले. बाकीच्यांनी तुला हाकललं नाही, कुणी बघितलंच नव्हतं. मी एकटीनंच बघितलं होतं. एक हाक मारली असती तर तू आत आली असतीस.

आज पप्पूला ते पुस्तक परत दिलं. त्यानं विचारलं, "कसं वाटलं?"

म्हटलं, "निम्मं खरंय."

"निम्मं कुठलं?"

त्याला काय सांगू? म्हटलं, उंदरानं खाल्लं नाही ते. पण तुला सांगते. एका डब्यात जेवणं वाईट, हे आपल्या लोकांनी ठरवलं होतं. ते उद्या बदलेल, पूर्णेला तर कधीच बदललंय. पाट चांगला होता, वाईट झाला, परत चांगला होईल. तिथवर पुस्तक बरोबर आहे. पण मी त्या दिवशी जे केलं, ते कुणी वाईट ठरवलं? समाजानं तर मला डोक्यावर घेतलं. देवानं काही केलं नाही, माझे डोळे आहेत तसे आहेत, वाडगं भरलेलं आहे. कुणाला काही माहीतच नव्हतं. तरी ते वाईट होतं, देवळाच्या पायऱ्या उतरतानाच मला ते कळलं होतं, कुणी सांगायच्या आधी. जिथं बघायला समाजच नव्हता तिथलं वाईट कुणी ठरवलं, हे त्या पुस्तकात कुठं नाही. मी शेवटपर्यंत वाचलं.

माफी मागत नाही. मागितली की तुला द्यावी की नाही ते ठरवावं लागेल, तेवढाच तुला ताप. फक्त बोलावलं नव्हतं, एवढं तुला कळायला पाहिजे.

उद्या रविवार आहे. मन तयार का होत नव्हतं ते हे लिहिता लिहिता कळलं. खोटं बोलून तिला सोडवलं तरी मी खऱ्याची बाईच राहते, आणि पुढची कुणीतरी पोर माझ्याच नावानं घराबाहेर जाते.

चंदा

२१ जानेवारी, मंगळवार

कोकिळा,

अक्षर आज परत बारीक झालं तर सांभाळून घे, सांगायचं जास्त आहे.

रविवारी दुपारी देवळात गेले. तीसेक माणसं होती. निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलीय, त्यामुळं म्हातारे आणि बायाच जास्त. ज्ञानेश्वरी खांबाला टेकून खाली बसली होती. मंजुषा सविताच्या काखेत झोपलेली. राधाकिशननं सुरुवातीलाच सांगितलं, "ही पंचायत न्हाई बरं का. उगं मोबाईल काढू नका कुनी."

कोपऱ्यातून आश्रुबा म्हणाला, "काढून काय करायचंय? रेंज कुठं हाय तुझ्या देवळात?" आश्रुबा आता ऐंशीच्या पुढं गेला, त्याला कुणी गप्प करत नाही.

राधाकिशननं वाटी माझ्यापुढं केली. "वैनी, उचला."

मी भंडारा मुठीत घेतला. म्हटलं, "आधी जुनं सांगते, मग नवं विचारा."

"जुनं काय?"

"कोकिळाचं."

सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, त्याच शब्दांत. लिहून झालं होतं म्हणून जीभ अडली नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं हे सांगितलं. का उठले ते सांगितलं. रिकामी घागर सांगितली. म्हटलं, "तुमी मला एकोनीस वर्षं खऱ्याची बाई म्हनता. बोलले ते खरं होतं. मी खरी नव्हते. हे भंडारा हातात घेऊन सांगायलेय."

समोरची एक बाई दुसरीला हळू म्हणाली, "आन् मी माझ्या दोन्ही सुनांना हिचंच सांगत आले की गं." तिच्या आवाजात राग होता, आणि तो बरोबर होता.

राधाकिशन घसा खाकरून म्हणाला, "ते झालं गेलं. आताचं बोला. बघितलं का तुमी हिला त्या मानसासंगं?"

ज्ञानेश्वरीनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत विनवणी नव्हती, नुसतं बघत होती.

"बघितलं," मी म्हणाले. "फोटोच्या दुकानातून निघाले. चहा पाजला मला. दोन कप पिले. उद्या दोघं लग्न करायलेत."

एकदम गलका झाला. राधाकिशन सविताकडं वळून म्हणाला, "ऐकलं? घे ते लेकरू आन् घरला चल."

"थांबा," मी म्हणाले. "भंडारा अजून माझ्या हातात हाय." मी वाटीत मूठ सोडली आणि वाटी त्याच्यापुढं धरली. "आता तुमी उचला."

"मी? मी काय बघितलं?"

"बघितलेलं न्हाई सांगायचं. भंडारा हातात घ्या आन् एवढंच म्हना, की आईपासून लेकरू तोडनं चांगलं हाय. म्हना, आन् घेऊन जावा पोरीला. मी आडवी येनार न्हाई."

"भंडारा असल्यासाठी नसतोय, वैनी."

"मग कशासाठी असतोय?"

"काय झालं ते सांगायला असतोय."

"काय झालं ते मी सांगितलं की. सगळं खरं. चांगलं का वाईट ते सांगायची आता तुमची पाळी हाय."

कोकिळा, राधाकिशनचा हात उठला. अर्ध्यात आला. मग त्यानं त्या हातानं टोपी नीट केली.

मी वाटी पुढच्याकडं नेली, मग त्याच्या पुढच्याकडं. ज्यांनी गलका केला होता त्यांच्यापुढं नेली. सगळे मिळून मघाशी किती जोरात बोलत होते. एकेकापुढं वाटी गेली की त्याला चपला शोधायची घाई व्हायची. एक जण म्हणाला, "आमी काय, घरचे म्हनतील तसं." एक बाई म्हणाली, "मला शिवू नगं, मी सोवळ्यात हाय," आणि ती शेंगा खात बसली होती.

आश्रुबापुढं वाटी गेली तेव्हा तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "राधाकिशन, तुझ्या आज्जीचे दोन पाट झालते रं. तू दुसऱ्या पाटाचा नातू हायस. म्हाळसाबाईला कुनी असंच आडवलं असतं, तर तुझा बाप कुठून आला असता? आन् तू टोपी कशावर घातली असतीस?"

हसू बायांतून सुरू झालं, मग पुरुषांतून. राधाकिशनचं तोंड लाल झालं. तो म्हणाला, "हसा. हसा."

तेव्हा सविता उठली. एवढ्या वर्षांत तिला देवळात सगळ्यांसमोर उभी राहिलेली मी बघितली नव्हती. झोपलेल्या मंजुषाला तिनं ज्ञानेश्वरीच्या मांडीवर ठेवलं, पोरीच्या तोंडावरचे केस बाजूला केले आणि म्हणाली, "धर. पदर घाल तिच्यावर, ऊन लागायलंय." एवढंच. नवऱ्याकडं बघितलं नाही. जागेवर जाऊन बसली.

सगळं गोड झालं असं समजू नको. राधाकिशन जाताना म्हणाला, "ह्या घराचा आन् तुमचा संबंध संपला. तुमच्या मेंढ्या आमच्या रानात बसायच्या न्हाईत." त्याचं रान मोठं आहे, उन्हाळ्यात मला ते जाणवेल. चार-पाच घरांनी तसंच ठरवलंय. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता त्या बाया आता विहिरीवर माझ्याशी तुटक बोलतात. त्यांचं काय चुकलं? खऱ्याची बाई म्हणून आता कुणी हाक मारत नाही. हलकं वाटतं. डोक्यावरचा भारा उतरल्यावर मान दोन दिवस दुखते ना, तसं.

ज्ञानेश्वरी आणि मंजुषा रविवारी माझ्याकडेच राहिल्या. पोरीनं घर भरून टाकलं. शेळीचं नाव विचारलं. म्हटलं, शेळीला नाव नसतं. तर म्हणाली, "मग तिला हाक कशी मारतीस?" संध्याकाळपर्यंत नऊही शेळ्यांना नावं पडली. एकीचं नाव चंदाकाकू आहे.

जेवण झाल्यावर ज्ञानेश्वरी भांडी घासत होती. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी तू मला काहीतरी विचारलं होतंस."

"तुमी साखर जास्त हाय म्हनाला होता," ती म्हणाली आणि मान खाली घालून हसली.

"जास्तच होती."

"मग?"

"किती वाजता जायचंय?"

तुझा भाऊ असता तर त्यानं काय म्हटलं असतं, याचा विचार केला. काही म्हटलं नसतं. सकाळी लवकर उठून मेंढ्यांना पाणी पाजून ठेवलं असतं, म्हणजे मला मोकळं जाता यावं. ते काम सवितानं केलं. नवरा झोपेतून उठायच्या आत येऊन करून गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींबरोबर परभणीला गेले आणि ज्ञानेश्वरीच्या लग्नाच्या कागदावर तिच्या बाजूची साक्षीदार म्हणून सही केली.

चंदा